घरात दोन प्रणाली नकोत

निवृत्त होऊन दोन पावसाळे झाले, तरी मला अजून स्वप्नात मुदत संपते. खिडकीबाहेर रांग असते, कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते गोल चाक फिरत असतं आणि मागून कोणीतरी म्हणतं, मॅडम, आज शेवटची तारीख. मी दचकून जागी होते. मग आठवतं की आमच्या खात्यात शेवटची तारीख कधीच शेवटची नसायची. आधी मुदत, मग मुदतवाढ, मग वाढीला वाढ. दसरा-दिवाळीसारखे तेही सणच होते आमचे, फक्त सुट्टी मिळायची नाही.

पनवेलमधल्या एका कॉलेजात मी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसत असे. आधी हे काम कागदाचं होतं, नंतर पोर्टलचं झालं. कागदाच्या काळात मला सगळं समजतं असं मला वाटायचं. पोर्टल आल्यावर आपल्याला काहीच समजत नाही हे समजलं, आणि ते मुलांच्या लक्षात येऊ न देण्यात उरलेली नोकरी गेली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिष्यवृत्ती म्हणजे हुशार मुलांचं बक्षीस. तसं नसतं. जातीच्या आणि उत्पन्नाच्या अटींत बसणाऱ्या मुलांची फी सरकार भरतं, एवढा साधा मामला आहे. पण एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असंही नाही. दर वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यात मुलाला चार गोष्टी पुन्हा सिद्ध कराव्या लागतात. अजून गरीब आहेस का, अजून पास होतोस का, अजून वर्गात बसतोस का, आणि अजून तूच आहेस का. एका वर्षी यातलं काही चुकलं आणि खंड पडला, की पुढच्या वर्षीचं दारही बंद. पहिले तीन प्रश्न मी कसेबसे निभावले. चौथ्यानं मात्र मला असं काही घोळात घातलं, की त्यातून मी पुरती बाहेर आले असं आजही म्हणवत नाही.

पहिल्या तीन प्रश्नांतही काही कमी गोंधळ नव्हता. उरणकडचा एक मुलगा झाडून सगळ्या विषयांत नापास होऊन आला आणि नूतनीकरण करून द्या म्हणाला. मी म्हटलं, अरे, पुढच्या वर्गात गेलास तरच मिळते. तर तो अगदी शांतपणे म्हणतो, "मॅडम, पास झाला त्याला मदत कशाला? मदतीची गरज तर मला हाय." मी उत्तर शोधू लागले. माझ्यामागे बसणारे आमचे मुख्य लिपिकही शोधू लागले. शेवटी आम्ही त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

खारघरच्या एका टॉवरमधून एक बाई गाडीनं यायच्या. फाईल ड्रायव्हरच्या हातात, आणि फाईलमध्ये कमी उत्पन्नाचा दाखला, सहीशिक्क्यासकट अस्सल. त्याच सुमाराला कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीवरचा मुलगा आला. त्याच्या घरात गरिबीशिवाय दुसरं काही नव्हतं, पण गरिबीचा दाखलाच नव्हता, कारण तलाठ्याकडे जायच्या दिवसांत सगळं घर वीटभट्टीवर गेलेलं असायचं. दाखला आम्ही धावपळ करून मिळवला. मग दिवाळीनंतर तो स्वतःच आईबापाबरोबर भट्टीवर गेला आणि हजेरी भरली नाही. मी प्राध्यापकांच्या मागे लागले, प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसले, पण हजेरी नाही म्हणजे नाही. नंतर तो दिसला नाही. शिष्यवृत्ती म्हटलं की मला आधी तोच आठवतो आणि वाईट वाटतं.

पण सांगायचं आहे ते प्रणालीचं.

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात "प्रणाली पाटील" अशी हाक मारली तर कधीही दोघी-तिघी वळून बघायच्या. म्हणून मी मुली बापाच्या नावानं लक्षात ठेवायचे. ही काशिनाथची प्रणाली. काशिनाथ पाटील पूर्वी मिठागरात कामाला होता. मिठागरं गेली, मग न्हावा शेव्याकडच्या एका कंटेनर यार्डात वॉचमन झाला. मुलीनं हिशेबाचा, म्हणजे अकाउंटिंगचा, विनाअनुदानित कोर्स घेतला होता. त्याची फी वॉचमनच्या पगारात बसणारी नव्हती, सगळी शिष्यवृत्तीवर चालली होती. दोन वर्षं तिनं मला काडीचा त्रास दिला नाही. हजेरी भरलेली, निकाल स्वच्छ, बापाच्या उत्पन्नाचा दाखला सगळ्यांच्या आधी हजर. अशा मुली आल्या की आम्ही कारकून मंडळी मनातल्या मनात पाय पसरून बसतो.

तिसऱ्या वर्षी नूतनीकरण सुरू झालं. खिडकीशी हिरव्या बांगड्यांचे हात आले. मी मान खाली घालूनच नाव विचारलं.

"सरिता सागर पाटील."

शोधलं. अशी विद्यार्थिनीच नाही. मी म्हटलं, नवीन प्रवेश शेजारच्या खिडकीवर. हात हलेनात. मग हलक्या आवाजात ऐकू आलं, "मॅडम, मी प्रणाली." वर बघितलं तर काशिनाथची प्रणाली, गळ्यात मंगळसूत्र, चेहरा असा की जणू तिलाच स्वतःची ओळख पटवून द्यायची होती.

मे महिन्यात लग्न झालं होतं. नवरा सागर, तोही यार्डातच सुपरवायझर. सासर कोन गावाच्या अलीकडचं. जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेली, त्या पैशांत तीन मजली घर उभं राहिलं, खालच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. सासरा हयात नव्हता, घराचा कारभार सासूच्या हातात. सासूचं नाव गुलाबबाई.

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात हे काही नवं नाही. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. सागरला शोभेल म्हणून सरिता. पण इथे हौसेइतकीच अडचणही होती. सागरच्या धाकट्या बहिणीचं नावसुद्धा प्रणाली. गुलाबबाईंनी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं, घरात दोन प्रणाली नकोत. हाक मारली तर एक तर दोघी येतील, नाही तर दुसरी जाईल म्हणून दोघीही बसून राहतील. या बोलण्यात मला तरी काही चूक दिसली नाही.

पुढे झालं ते मायेनंच झालं. बहुतेक घरांत नवं नाव हाकेपुरतं राहतं, कागद आपले जुन्याच नावानं चालतात. गुलाबबाई तशा नव्हत्या. सून कागदावरही आपलीच दिसायला हवी म्हणून हळद उतरायच्या आत त्या तिला घेऊन स्वतः आधार केंद्रावर गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि आधारवर सरिता सागर पाटील करून आणलं. रेशनकार्डात नाव चढवलं. येताना सुनेला आईस्क्रीम खायला घातलं. हे सगळं प्रणालीनंच मला सांगितलं, आणि सांगताना ती सासूला नावं ठेवत नव्हती.

आता खिडकीच्या आतली गोष्ट. पोर्टल दर वर्षी मुलाची ओळख आधारकडून नव्यानं मागवून घेतं. आधार म्हणालं, ही सरिता. कॉलेज म्हणालं, आमच्याकडे सरिता नाही. जातीचा दाखला म्हणाला, प्रणाली काशिनाथ. दोन वर्षं सरकारनं जिची फी भरली ती प्रणाली पोर्टलच्या मते आता नव्हतीच, आणि जी समोर उभी होती ती कधी शिकलेलीच नव्हती. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, माहिती जुळत नाही. ती खरी होती, पण तिचा उपयोग काय?

सोपा उपाय म्हणजे आधारवर जुनं नाव परत आणायचं. तर तिथे नियम असा, की नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. दहावीचा फॉर्म भरताना शाळेनं वडिलांचं नाव घालायला लावलं होतं, ती एक वेळ. गुलाबबाईंनी दुसरी वेळ खर्च केली. तिसऱ्यांदा बदलायचं तर राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, छापून आणायचं आणि मग मुंबईच्या कार्यालयाकडून खास परवानगी घ्यायची. गॅझेट म्हटल्यावर त्या मुलीचा चेहरा असा झाला की मी तिला स्टुलावर बसवलं.

शिवाय दुसरा फास होता. पोर्टलवर एक चौकोन असतो, विवाहित की अविवाहित. विवाहित निवडलं की ते नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागतं. अविवाहित निवडावं तर आधारच्या नावात नवरा बसलेला. नवऱ्याचं उत्पन्न धरलं, तर पगार आणि घरभाडं मिळून ती मर्यादेबाहेर जाते. बापाचं धरलं तर आत राहते. मी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला. एका टेबलानं सांगितलं, लग्न झालं म्हणजे नवरा. पुन्हा फोन केला तर दुसऱ्या टेबलानं सांगितलं, शिक्षण पुरं होईपर्यंत वडील. तिसऱ्यांदा केला तेव्हा त्यांनीच मला विचारलं, तुमच्याकडे काय करतात? लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून वर पाठवा, असा शेवटी सल्ला मिळाला. प्रतिज्ञापत्र केलं, पण पोर्टलवर ते जोडायला जागाच नव्हती.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे या मुलीत मी एवढी का अडकले ते कळेल. माझंही नाव लग्नात बदललं. माहेरची मी शालिनी. लग्नात मेधा झाले. पण नोकरी लग्नाआधी लागली होती आणि सेवापुस्तकात शालिनी लिहून झालं होतं. तेव्हाचे मुख्य लिपिक म्हणाले, बदलायचा कुटाणा मोठा आहे, राहू द्या. त्यांच्या आळसामुळे मी रोज सकाळी मेधा म्हणून घर सोडायचे आणि कॉलेजच्या फाटकात शालिनी व्हायचे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. दोन पर्सेस असाव्यात तशी माझी दोन नावं होती. ह्या मुलीला मात्र दोन्हींत मिळून एकही धड राहिलं नव्हतं.

एवढं का महत्त्वाचं, असंही कोणी म्हणेल. तीन मजली घर आहे, भरू देत की फी. मीही तेच म्हटलं. तेव्हा प्रणालीनं लग्नाच्या बैठकीतली बोली सांगितली. काशिनाथनं मुलीचं शिक्षण पुरं करायची अट घातली होती. गुलाबबाई म्हणाल्या होत्या, सरकार शिकवतंय तोवर शिकू दे, आमची ना नाही. म्हणजे शिष्यवृत्ती टिकली तर कॉलेज टिकणार, शिष्यवृत्ती गेली की तिसरं वर्ष गेलं. पदवीला एक वर्ष उरलं असताना मुलगी घरी बसणार होती. सागर बिचारा सरळ माणूस. मी भरतो म्हणाला, पण पगार आईच्या हातात देणारा. आणि प्रणालीलाच ते चोरून भरणं नको होतं. ती म्हणाली, मग मी सासूबाईंच्या तोंडाकडे कशी बघू?

मी गुलाबबाईंना कॉलेजात बोलावलं. आल्या. अंगानं भक्कम, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, चालण्यात रुबाब. मी त्यांना सगळं समजावलं. म्हणजे मला जेवढं समजलं होतं तेवढं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाय, पैशाचा सवाल नाय. बोलीचा हाय. सरकार थांबला, आमी पण थांबलो."

मी म्हटलं, सरकार थांबलेलं नाही, ते गोंधळलंय. तुम्ही नाव परत बदलायला हो म्हणालात तर ते चालू लागेल.

 त्यावर त्या म्हणाल्या, लग्नाला वर्ष झालं नाही आणि सुनेनं माहेरचं नाव परत लावलं, हे गावात कळलं तर काय बोलतील? मुलगी नांदत नाही, सोडचिठ्ठी घेतली, असंच म्हणणार. "आनी माझा पन नाव बदललाच व्हता. मी मेली का?" आणि शेवटी तेच जुनं, घरात प्रणाली आहे, दुसरी कुठे ठेवू?

प्रणाली कोपऱ्यात उभी राहून बांगड्या फिरवत होती. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती मला म्हणाली, मॅडम, माझं मलाच कळत नाही. घरी सरिता म्हटलं की मी पटकन ओ देते आणि वर्गात प्रणाली म्हटलं की मला उशीर होतो. आता यातली खोटी कुठची? मी काय सांगणार? फॉर्म कसा भरायचा एवढंच मला सांगता यायचं, आणि तेही येईना.

मुदत वाढली. दिवाळी झाली, पुन्हा वाढली. तेवढ्यात कॉलेजनं आपला हात दाखवला. शिष्यवृत्ती मंजूर नसेल तर फी भरा, नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. मी प्राचार्यांकडून थोडी सवलत मागून घेतली, प्रकरण चालू आहे असा शेरा लिहून. चालू काहीच नव्हतं. प्रणाली मात्र रोज येत होती, पुढच्या बाकावर बसत होती, हजेरी लावत होती. ज्या वर्षाची परीक्षा मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याचा अभ्यास ती का करत होती, हेही मला नीटसं कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, घरी बसले तर विचार येतात.

तुळशीचं लग्न आटोपल्यावर सागरच्या बहिणीचं, त्या दुसऱ्या प्रणालीचं, लग्न निघालं. पत्रिका मलाही आली. हळदीला मी जाऊन आले. आगरी घरातली हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायची नाही. लग्न त्यापुढे साधं वाटतं. रस्ताभर मांडव, बेंजो, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारिणीचं गाणं, आणि मटणाच्या पंगती उठताहेत आणि बसताहेत. गुलाबबाई सगळीकडे होत्या. आमची सरिताही सगळीकडे होती, नणंदेला हळद लावत होती, पाहुण्यांना पाणी देत होती, आणि दर थोड्या वेळानं कुठून तरी "प्रणाली" अशी हाक आली की तिची मान वळत होती आणि ती पुन्हा कामाला लागत होती. मी ते बघितलं आणि मला जेवण गेलं नाही.

मुलगी उरणच्या बाजूला दिली होती. तिथल्या लोकांनी तांदळात तिचं नाव सानिका लिहिलं.

नव्या वर्षात, एका दुपारी खिडकी बंद करायच्या वेळेला गुलाबबाई एकट्याच आल्या. मला वाटलं सून घरी बसवल्याचं सांगायला आल्या. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि उरणच्या गोष्टी सांगू लागल्या. मुलगी सुखात आहे. घर चांगलं आहे. फोन केला होता, तर तिच्या सासूनं उचलला. गुलाबबाईंनी विचारलं, प्रणाली आहे का? तिकडून उत्तर आलं, सानिका मासे साफ करते, सांगते तिला. एवढं बोलून गुलाबबाई थांबल्या. 

मग त्या म्हणाल्या की सकाळी उठल्यावर अजून तोंडातून तेच नाव निघतं. इतक्या वर्षांची सवय. हाक मारतात आणि मग आठवतं की ती इथे नाही. पण हाक मारली की स्वयंपाकघरातून सून येते. न चुकता येते, आई काय म्हणून विचारते, आणि मग दोघी एकमेकींकडे बघत राहतात.

"बाय, घरात आता परनाली कोनीच नाय. तो कागद काय तो करून टाका."

मी सांभाळून सांगितलं, की पूर्वीसारखं व्हायचं तर नुसतं प्रणाली चालणार नाही. मधलं नावही जुनंच येईल, काशिनाथ. सागरचं नाव कार्डावरून जाईल. पाटील तेवढं दोन्हीकडे सारखंच आहे. हे ऐकून त्या बिथरतील म्हणून मी तयारीत होते.

"ऱ्हाऊ द्या बापाचा नाव," त्या म्हणाल्या. "बाप काय मेला नाय."

आणि गावात काय सांगणार, असं मी विचारलं. त्यांनी पदर सावरला. सांगेन माझी मुलगी परत आली म्हणून, कोण काय करतो बघते. मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम झालं की बाईमाणसानं पडद्याकडे बघत टायपिंग करावं, ते मी केलं.

पुढचं सगळं धावपळीचं आहे. गॅझेटसाठी प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, फोटो. गॅझेट छापून आलं. मग मुंबईच्या कार्यालयात वारंवार ये-जा, ती सागरनं पाळ्या बदलून केली. प्रत्येक वेळी परतल्यावर तो खिडकीशी येऊन सांगायचा, मॅडम, ते हो म्हणाले पण कशाला हो म्हणाले ते कळलं नाही. मधल्या काळात जिल्ह्याच्या कार्यालयाचं उत्तर आलं, की पहिल्या वर्षी ज्याच्या उत्पन्नावर मंजुरी मिळाली त्याचंच पुढे धरावं. म्हणजे बापाचं. मी ते पत्र फाईलला लावलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलीसाठी तेच पत्र दाखवलं, तेव्हा त्यांनी नेमकं उलटं लिहून पाठवलं. दोन्ही पत्रांवर सही एकाच माणसाची होती. बरोबर काय, ते मला आजतागायत माहीत नाही, आणि कोणाला असेल असं वाटतही नाही.

शेवटच्या मुदतवाढीत, परीक्षेच्या तोंडावर, आधारवर नाव फिरलं. प्रणाली काशिनाथ पाटील. मी अर्ज उघडला, सगळं जुळलं, पुढे पाठवला. मंजुरी आली त्या दिवशी मी प्रणालीला वर्गातून बोलावून घेतलं. गुलाबबाईही आल्या होत्या, बाजारहाट करून, कोळंबीची पिशवी सांभाळत व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. प्रणालीनं पडदा बघितला. हसली नाही, काही नाही. पुन्हा पुन्हा तेच नाव वाचत राहिली. मग माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला मध्येच उठवलं.

बाहेरून गुलाबबाईंनी हाक दिली, "परनाली, चल गो, उन्हं चढली."

व्हरांड्यात नेहमीप्रमाणे दोघी-तिघींनी वळून बघितलं. आमची प्रणाली पुढे झाली. तिला बघून गुलाबबाईंचा चेहरा क्षणभर असा पडला की जणू भलतंच कोणी आलं, आणि लगेच उजळला. त्यांनी तिच्या हातात पिशवी दिली, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि डोळे पुसत पायऱ्या उतरल्या. त्यांनी हाक नेमकी कोणत्या मुलीला मारली होती, हे त्यांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

प्रणाली पास झाली. त्यानंतर मी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी शालिनी मॅडम, शालिनी मॅडम म्हणत भाषणं केली, शाल दिली, श्रीफळ दिलं. फाटकातून बाहेर पडताना मी नेहमीसारखी मेधा झाले. फरक एवढाच, की दुसऱ्या दिवशी परत जायचं नव्हतं. माहेरी आता कोणी उरलेलं नाही. यजमानांनी मला पहिल्या दिवसापासून मेधाच म्हटलं. घरी नवी सून आली आहे, गोड आहे, ती आई म्हणते. महिने गेले आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की शालिनी अशी हाक मी कितीतरी दिवसांत ऐकलेली नाही. इतकी वर्षं कधी काही वाटलं नव्हतं म्हणाले ना, ते आता वाटू लागलं. पण तक्रार कुणाकडे करायची, आणि कशाची?

गेल्या दिवाळीत मी चकल्या तळत होते. हात पिठाचे. मोबाईल बाहेर वाजला आणि सुनेनं उचलला. तिचा आवाज ऐकू आला, अगदी आदबीनं बोलत होती.

"नाही हो, शालिनी नावाचं इथे कोणी राहत नाही. तुम्ही नंबर चुकलात."

मी झारा कढईत टाकला आणि तशीच धावले. पिठाच्या हातानं तिच्या हातातून फोन घेतला. सून गोंधळून माझ्याकडे बघत होती. पलीकडून काशिनाथची प्रणाली बोलत होती. खारघरला एका ऑफिसात तिला हिशेबाचं काम लागलं होतं, पहिली दिवाळी होती, सासूबाईंनीच फोन करायला सांगितलं होतं.

"शालिनी मॅडम आहेत का?" तिनं पुन्हा विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "आहे गं, बोल."